पुंडलिकनगरातली बिनतुपाची महालक्ष्मी

ही गोष्ट शहराचं नाव बदलायच्या आधीची. नाव बदललं, नळ तसाच राहिला. तेव्हाही कोरडाच होता. बायपासला मात्र पोहण्याच्या तलावासकट फ्लॅट मिळतील अशा पाट्या झळकत होत्या आणि त्या पाट्यांखालून आमचे टँकर धुरळा उडवत जायचे. टँकर गल्लीत आणायचा म्हणजे भांडण, आणि भांडायचं म्हटलं की पुंडलिकनगरला मी आठवायची. एरवी, "ती संध्या का? लई तोंडाळ बाई."

मुकुंदराव मला एरवीही ओळखायचे. रिटायर्ड हेडक्लार्क, बायको वारलेली, घरात ते आणि त्यांची आई, यमुनाबाई. आयुष्यभर या माणसानं गॅसला हात लावला तो सिलिंडर संपलाय का बघायला. आणि एक दिवस गृहस्थ इंग्रजी पाककृतींचं जाडजूड, गुळगुळीत पुस्तक काखेत मारून दारात उभे. दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. म्हणे व्हेगन!

"काका, माझ्या आजीनं पाचोडात जन्मभर दुसऱ्यांच्या म्हशी राखल्या," मी म्हटलं. "दुधाचा थेंब चाखला नाही. तिला कुणी व्हेगन म्हटलं नाही."

"हसा तुम्ही, संध्याताई. मनूसाठी चाललंय."

मनू म्हणजे मनस्विनी, त्यांची एकुलती एक लेक. पुण्यात नोकरी. जनावरांचे हाल बघून तिनं दूधदुभतं सोडलं. दोन वर्षांमागं ती घरी जेवायला बसली, तर यमुनाबाईंनी वरणात गुपचूप तूप सोडलं आणि वर देवाची आण घेऊन सांगितलं, तेल आहे म्हणून. पोरीला पहिल्या घासातच कळलं. उठली पानावरून. तेव्हापासून यायची, खुर्चीवर बसायची, पाणी प्यायची आणि जेवायला हॉटेलात जायची. बापाच्या घरी पाहुणीसारखी! मुकुंदरावांना ते सलत होतं. यंदा महालक्ष्म्यांना मात्र जेवायला येते म्हणाली होती. "पण बाबा, पुन्हा फसवलंत तर माझं पान मांडू नका. कधीच."

मग सुरू झाला अभ्यास. पुस्तक लिहिणाऱ्या बाईनं आमचं शहर बघितलं नसावं. ‘पालेभाजी वाहत्या पाण्याखाली धुवा.’ मुकुंदरावांचा मला फोन: "ताई, वाहतं पाणी कधी यायचं?" मी म्हटलं, "टँकर गळका आहे, त्याच्या मागं भाजी घेऊन पळा." ‘काजू भिजवून पाणी फेकून द्या.’ फेकून! यमुनाबाईंनी ते पाणी तुळशीला घातलं आणि तुळशीला काजू खाऊ घालणारं घर म्हणून गल्लीत आमचं हसं झालं, असं सगळ्यांना सांगत सुटल्या.

पुस्तकातल्या फोटोतली ती विलायती हिरवी भाजी शोधायला स्वारी शहागंजात गेली. भाजीवाल्यानं फोटो न्याहाळला. "चाचा, ये तो ककडी है. बुखार आया इसकू."

तिथून पुढं मुकुंदराव शहाणे झाले. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, बाजारात असेल ते घ्यायचं. दुष्काळात बाजारात असायचं काय, तर काशीफळ, गवार, दोडका आणि सुकून वात झालेली अंबाडी. पहिली काशीफळाची भाजी त्यांनी मला चाखवली तेव्हा मी टँकरवाल्याला देते त्या शिव्या त्यांना दिल्या. पण माणूस चिवट. शेंगदाण्याचं दूध काढलं, हिरव्या मिरचीचे देठ टाकून त्याला विरजण लावलं आणि त्या दह्याची कढी केली. खोटं कशाला बोलू, मी दोन वाट्या प्यायले.

महालक्ष्म्यांच्या दिवशी मला आमंत्रण. मी देवीपुढं हात जोडत नाही, ते त्यांना ठाऊक होतं. जेवायला हात लागतोच, तेवढ्यासाठी गेले. नैवेद्याच्या सोळा भाज्या पुऱ्या होईनात, तेव्हा कढीपत्तासुद्धा भाजीत धरला होता. तूप फक्त नैवेद्याला आणि बाकीच्यांच्या पानावर, मनूच्या स्वयंपाकात नाही, असा मायलेकांचा तह झालेला. तरी मुकुंदराव सकाळपासून आईवर पहारा देत होते. म्हातारी ओट्याकडं सरकली की, "आई, मागं!"

पंगत बसली. मनस्विनी माझ्या शेजारी. या मंडळींत भातावर तुपाचा थेंब पडल्याशिवाय अन्न शुद्ध होत नाही. यजमानानं वाटी घेऊन पानापानावरून फिरायचं. शुद्ध काय नि अशुद्ध काय, हे या लोकांनी आम्हाला पिढ्यान् पिढ्या पुरेसं शिकवलंय, म्हणून मी बघत बसले. मुकुंदराव आले, यमुनाबाईंना वाढलं, मला वाढलं, आणि पुढच्या पानावर, लेकीच्या भातावर, तुपाची धार सोडली.

हाताला साठ वर्षांची सवय. डोक्याला विचारतो कोण?

पोरगी माझ्याशी बोलत होती, तिनं पाहिलं नव्हतं. वरून वरण ओतलं असतं तर झाकलं गेलं असतं. त्या घरात ती रीत होतीच. मुकुंदराव चमच्याकडं बघत उभे राहिले. चेहरा पार उतरलेला.

"मनू, खाऊ नकोस. तूप वाढलं मी."

"मी नाही हं!" यमुनाबाई दोन्ही हात वर करून ओरडल्या. "आई जगदंबे, या वेळी मी नाही!"

मनस्विनीनं आधी भाताकडं पाहिलं, मग बापाकडं. मुकुंदरावांनी वाटी खाली ठेवली, तिच्या समोर मांडी घातली आणि तिच्या पानावरचा तो तुपाचा भात मुठीनं उचलून स्वतः खाल्ला.

"मुकुंदा! अरे पंगत वाढायचीय, तू खरकट्या हातानं—"

"आता तू वाढ, आई. माझ्या हाताचा भरवसा नाही."

मग मनस्विनीनं पान पुढं सरकवलं. "आजी, कढी."

यमुनाबाईंनी पळी कढीत बुडवली, हुंगली, नाक मुरडलं. "मिरचीच्या देठांची आहे बाई ही. मागून म्हणशील, सांगितलं नाही." आणि वाढली. पोरीनं भुरका मारला. आणखी मागितली. मुकुंदराव खरकटा हात तसाच धरून तिच्याकडं बघत बसले.

तुपाची वाटी मधेच पोरकी पडली होती. मी ती माझ्याकडं ओढली आणि भातावर दोनदा धार धरली. एकदा माझी. एकदा पाचोडच्या आजीची.

मी काय व्हेगन नाय.