आज पहिल्यांदा गणपतीचे डोळे मी काढले

मंडळी, सकाळपासून कामात मन लागंना, म्हणून इथं लिहितोय.

आमचं गणपतीच्या मूर्तींचं काम. मी साचे शिकलो, स्प्रे गन शिकलो, पन्नाशीला आल्यावर प्लास्टर सोडून शाडूही शिकलो. पण मूर्तीचे डोळे कायम आमचे वडील, अण्णाच काढायचे. मी ब्रश मागितला की एकच उत्तर, "हात बसला न्हाय तुझा अजून."

आता अण्णांचं विसरणं फार वाढलंय. ब्रश हातात दिला तर नुसते बघत बसतात. म्हणून गेले काही महिने मी फुटक्या मूर्तींवर डोळे काढायला शिकत होतो. शाडूची माती रंग लगेच पिते, रेष एका दमात ओढायला लागते. लई मूर्ती बिघडवल्या.

आज खऱ्या मूर्तीचे डोळे काढले. शेजारी खुर्चीत बसलेले अण्णा वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आयला, बघतोय की गणपती!"

जन्मभर ज्या शब्दांची वाट बघितली, ते आज ऐकले. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी घाईनं माझे हात धरले.

"अवो पावणं, पाया कशाला पडताय? त्यापरास आमच्या पोराला जरा शिकवा की. लई धडपडतंय ते. पण हात बसला न्हाय त्याचा अजून."

मी म्हटलं, "शिकवतो की."

नवं शिकायला मी कधी भ्यालो न्हाय. पण आपल्याच बापासमोर पावणा होऊन कसं बसायचं, हे कुणाकडं शिकायचं, सांगा?