बशीतलं काळीज

ओसाकातल्या त्या गल्लीत किहाचीइतका भिडस्त माणूस शोधून सापडला नसता. जन्मभर टोफू विकला, पण कुणी पैसे बुडवले तर हाच मान खाली घालून रस्ता बदलायचा. असला प्राणी! बायको तोमिए येता-जाता टोचायची, "अहो, घराला आग लागली तरी बंबवाल्यांना त्रास नको म्हणून गप्प बसाल तुम्ही!"

झटका आला आणि त्याच्या हृदयाचा अर्धाअधिक स्नायू निकामी झाला. इस्पितळातल्या मिनासे नावाच्या तरुण डॉक्टरणीनं त्याच्याच रक्तातून मूळपेशी तयार केल्या आणि हृदयाच्या स्नायूचा पातळ पापुद्रा प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवायला घेतला. तो हृदयावर बसवायचा होता.

"काका, नववर्षाची सुट्टी संपली की लगेच शस्त्रक्रिया. तोवर पाय सुजले, दम लागला, तर तडक फोन करा. अजिबात संकोच नको."

"हो, हो," करत किहाची वाकत राहिला.

वर्षाच्या पहिल्या सकाळी तो सणाचं मोचीचं, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यांचं, सार प्यायला बसला, तो पायांत जाड मोजे घालून. तोमिएला संशय आला. तिनं मोजा ओढला. पाय टम्म सुजलेला, बोट दाबलं की खड्डा पडत होता. तिनं फोन उचलला.

"अगं, ठेव तो! सणाच्या दिवशी कुणाला पळवतेस? त्यांनाही घरदार आहे."

आणि एवढी फटकळ बाई, पण तिलाही ओशाळल्यासारखं झालं. वर्षाच्या पहिल्याच दिवशी लोकांच्या दारात आजारपण कसं न्यायचं? "बरं, उद्या करू," म्हणाली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत किहाची गेला.

अस्थी वेचून झाल्यावर तोमिए मिठाईचा डबा घेऊन इस्पितळात गेली. झाल्या त्रासाची माफी मागायला हो, दुसरं कशाला! मिनासेचे डोळे सुजले होते. तिनं तोमिएला प्रयोगशाळेत नेलं, सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

पापुद्रा धडधडत होता. सावकाश, पण न चुकता.

"आज टाकून द्यावा लागेल, काकू. म्हटलं, त्याआधी तुम्ही एकदा..."

तोमिएनं त्या पापुद्र्याला हात जोडले. "पुरे आता, अहो. थांबा," एवढंच पुटपुटली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "सुट्टीत याचं कोण करत होतं?"

"मीच. पेशींना कुठली सुट्टी? रोज पोषणद्रव बदलावा लागतो. एक तारखेलाही सकाळपासून इथेच होते."

"इथेच?"

"इथेच. या फोनशेजारी."

तोमिए सवयीनं माफी मागायला वाकली, आणि काही केल्या तिला सरळ होता येईना.