परसातला शोषखड्डा

भडगावात आमच्या शेजारी एक म्हातारी राहायची. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. काही विचारलं तर ती इतक्या उशिरा उत्तर द्यायची, की तिला ऐकूच आलं नसावं असं वाटून माणूस उठायच्या बेतात असायचा.

एकदा गल्लीच्या गटारीचं पाणी गिरणा नदीत सोडायचं ठरत होतं. नेमकं त्याच जागी गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायका वाळूत झिरे उकरून प्यायचं पाणी भरत. बैठक उठत आली तेव्हा अक्का म्हणाली, "त्या बाया तठेच पानी भरतस. मना परसमा जागा शे. खड्डा तठे खंदा."

गल्लीच्या गटारीचा खड्डा आपल्याच परसात म्हटल्यावर तिचा मुलगा तिच्याकडे बघतच राहिला.

दगड, रेती, कोळसा भरून शोषखड्डा झाला आणि गल्लीचा वास अक्काच्या घरात राहायला आला. पुढच्या उन्हाळ्यात खड्डा तुंबला, पण आमच्यापैकी कोणी तिकडे फिरकलं नाही. अक्का पदर खोचून एकटीच घाण उपसू लागली. वस्तीतल्या दोन बायकांना हे कळलं, तशा त्या पाट्या घेऊन आल्या. तिघींनी दगड धुऊन पुन्हा रचले.

काम झाल्यावर त्या दोघी लांब उभ्या राहिल्या आणि पाण्यासाठी त्यांनी ओंजळ पुढे केली. अक्काने आत जाऊन घरातला पितळी तांब्या भरून आणला आणि एकीच्या हातात दिला.

"ले, पोटभर पी, माय."

आम्ही भिंतीवरून पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मुलाने चूल वेगळी मांडली. अक्का मात्र त्याच तांब्याने पाणी पीत राहिली.