गयाबाईच्या काट्यावरची सावकाश अक्षरं

गया गेल्याचं नर्सनं सांगितलं तेव्हा माझ्या हातात चहाचा ग्लास होता. तो मी भिंतीवर फोडला. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळलं, जुन्या माराचा संबंध न्हाई. असंल. मी चौथी शिकलेला माणूस, मला पटलेलं न्हाई.

माझी बायको मानवतला जिनिंगच्या वजनकाट्यावर बसायची. कापसाची गाडी चढली की कंप्युटरवर वजन उमटायचं आणि ती खिडकीतून मोठ्यानं पुकारायची. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्र एक न्हाई. लिनक्स म्हणतात त्याला, जगातले लोक मिळून करतात आणि फुकट देतात, हे तिनंच मला सांगितलेलं. ऐन कापसात मेकॅनिकनं ते नवं करून दिलं आणि पडद्यावर अक्षरं काढणारा आतला प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात त्याला, तो बदलला. जुना अख्खा पडदा एका झटक्यात वर सरकवायचा. नवा एकेक अक्षर पुन्हा काढत बसायचा. काट्याकडून आकडे येतच राहायचे, ते तुंबायचे. वजन बरोबर, पण दुसरी गाडी चढली तरी पडद्यावर आधीच्या गाडीचंच. म्हणून गया पडदा थांबेस्तोवर पुकारायची न्हाई. रांगेला ते कुठं ठाऊक...

पाथरीकडच्या बापूरावानं खिडकीतून डोकावलं. ट्रॉली त्याची गच्च भरलेली आणि आकडा आधीच्या छोट्या टेम्पोचा. बाई माझा कापूस खायलीय, म्हणाला. बस्स, रांग तुटून पडली. काच फुटली. गयाला केसाला धरून बाहेर ओढलं, बापूरावानं कीबोर्ड तिच्या डोक्यात घातला, तुटेस्तोवर. मी कापसाच्या गंजीवर हमालांत होतो. लोखंडी टामी घेऊन पळत आलो आणि त्याच्या मनगटावर घातली. ते हाड मोडल्याचा आवाज मला अजून गोड लागतो. दुसरा घाव डोक्यात घालणार, तर हिनं माझा पाय धरला.

"अवो, त्याला मारलं तर मी चोरच ठरन. गाडी चढवा त्याची परत. पडदा थांबेस्तोवर कुनी बोलू नका."

ट्रॉली चढली. अक्षरं मुंगीसारखी वर सरकायला लागली. गयाच्या डोळ्यात रक्त उतरत होतं, तिनं पुसलं न्हाई. टेम्पोचा आकडा गेला, खालून ट्रॉलीचा आला आणि ठरला. तो तिनं रोजच्याच आवाजात पुकारला. कुणी खोकललंसुद्धा न्हाई.

पुढं मेकॅनिकनं सांगितलं, भरभर सरकवायची सोय लिनक्स करणारांनीच काढली होती; लोकांनी सावकाश चालतंय म्हणून कळवलं, तशी परत घातली. टाके घातलेली गया हसली. म्हणाली, तिथं नुसतं सांगितलं की ऐकत्यात, इथं डोस्कं फोडून घ्यावं लागतं.

ती गेल्यावर परवा काट्यावर गेलो. आता आकडा चटकन उमटतो, तरी गाडी चढली की रांग गप्प होते. एकानं आकडा वाचायला तोंड उघडलं, तर बापूरावानं वाकडा हात आडवा घातला.

"थांब. गयाकाकूला पुकारू दे."

मग त्याच्या ध्यानात आलं... माझ्याकडं बघितलं. माझी मूठ वळलेली होती. ती सोडवायला मला लय वेळ लागला.