वाकड्या मानेच्या सहा चौकटी

सातवीच्या इंग्रजीच्या बाईंची मान जन्मापासून डावीकडे कललेली. अकरा वर्षं त्यांनी तात्पुरत्या नेमणुकीवर काढली होती. कायम व्हायची यंदा शेवटची संधी. पुढच्या वर्षी वय उलटणार. मोठ्या बाई एक तास वर्गात बसणार, शिकवणं पटलं तर सही करणार.

बाईंनी धडे बाजूला ठेवून कॉमिक्स शिकवायला घेतलं होतं. पानावर सहा चौकटी, फुग्यांत मोजकी इंग्रजी वाक्यं, बाकी चित्रानं सांगायचं. चेहरा काढायचा नाही, नुसत्या सावलीवरून माणूस ओळखू यायला हवा, एकच खूण धरा, असं त्या बजावत. इंग्रजीच्या तासाला दप्तरामागे तोंड लपवणारी पोरं मधली सुट्टी विसरून रेघा ओढू लागली. बाईंना वाटलं, देव पावला.

मोठ्या बाई आल्या त्या दिवशी एकतीस कागद पुढे आले. एकतीसही कागदांवर वाकड्या मानेची सावली. कुठे ती दाराला धडकतेय, कुठे तिला बघायला आलेला मुलगा स्वतःचीच मान वाकडी करून परत जातोय. पोरांनी संगनमतच केलं होतं. मोठ्या बाईंनी हसू रुमालात दाबलं. मग म्हणाल्या, मुलं शिकलीत हे मात्र खरं, आता पहिला नंबर तुम्हीच काढा.

कागद फाडावेत तर शिकवणं पाण्यात, वाखाणावेत तर आपल्याच हातानं आपल्या थोबाडीत. बाई एकेक कागद बघत गेल्या. एकावर विनोद नव्हताच. सावली आरशापुढे उभी राहून दोन्ही हातांनी मान सरळ करू बघतेय, सहाही चौकटींत. हे रोज सकाळचं गुपित बाईंनी जन्मात एकाच माणसाला सांगितलं होतं: बोलताना अडखळते म्हणून रडणाऱ्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला, तिला धीर यावा म्हणून. कागद तिचाच होता.

"पहिला नंबर हिचा," बाई म्हणाल्या. "ऊठ बाळ, सगळे फुगे मोठ्यानं वाच."

मुलगी उठली. पहिल्या शब्दावरच अडकली. वर्ग आधी खुसखुसला, मग खिदळला. बाईंनी शब्द पुरवला नाही, बसही म्हटलं नाही. सहावी चौकट संपेपर्यंत हात बांधून शांत उभ्या राहिल्या. "वर्ग छान हातात आहे तुमच्या," म्हणत मोठ्या बाईंनी सही ठोकली.

संध्याकाळी वहिनीनं दारातच विचारलं, "झालं का हो काम, ताई?"

"झालं."

"मग देवापुढे दिवा तुम्हीच लावा आज."

बाई म्हणाल्या, "तूच लाव," आणि हात धुवायला गेल्या. बराच वेळ नळ वाहत राहिला.