न्हाणीवरचं आभाळ

खुटबावच्या शिवारात, गावापासून बरीच लांब रतनबाईची वस्ती आहे. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं शेवंती आणि झेंडूचे वाफे, मागं विहीर. नवरा संपत फुलांच्या टेम्पोबरोबर रात्रीच पुण्याच्या मार्केटला जायचा, तो दुपारी परत यायचा. मुलगा भारत सणसवाडीला कंपनीत होता. तिथंच खोली घेऊन राहायचा आणि गुरुवारच्या सुट्टीला घरी यायचा. त्यामुळं सकाळी वस्तीवर बायकाच असायच्या. रतनबाईला त्याची कधी भीती वाटली नव्हती. उसात बिबट्या असतो, तो दिसला तर डबा वाजवायचा, मुलांना आत घ्यायचं, हे तिला ठाऊक होतं. बाकी भिण्यासारखं शिवारात काही आहे असं तिला वाटत नव्हतं.

सून ज्ञानेश्वरी त्या दिवसांत बाळंतीण होती. तिची आई हयात नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली, तिचं नाव सृष्टी ठेवलं. बाळंतिणीला तेल लावायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, मग ओव्याची धुरी द्यायची, हे सगळं रतनबाई स्वतः करायची. न्हाणी घराला लागूनच होती. तीन बाजूंनी उभ्या शहाबादी फरश्या, चौथ्या बाजूला जुन्या साडीचा पडदा, आणि वर काहीच नाही. कोवळं ऊन पडतं म्हणून ते मोकळंच ठेवलेलं.

त्या सकाळी ज्ञानेश्वरी पाटावर बसली होती. रतनबाई तिच्या पाठीवर पाणी ओतत होती. वरून घूंऽऽ असा आवाज आला. रतनबाईला वाटलं, आग्या मोहोळ उठलं. तिनं तांब्या टाकला, फरशीवरची गोधडी ओढून सुनेच्या अंगावर घातली आणि वर पाहिलं. माशा नव्हत्याच. न्हाणीच्या बरोबर वर, विजेच्या खांबाहून थोडं उंच, चार पायांचं करडं यंत्र हवेत थांबलं होतं. पोटाखाली काचेचा एक डोळा. ते हलत नव्हतं. नुसतं बघत होतं.

ज्ञानेश्वरीनं गोधडीच्या आतून विचारलं, काय आहे. रतनबाईनं गोधडी आणखी घट्ट ओढून धरली. मग ते यंत्र एका अंगाला कललं आणि उसावरून निघून गेलं.

त्या हंगामात शिरूर-दौंडकडच्या गावांतून ड्रोनचीच चर्चा होती. चोर आधी ड्रोन पाठवतात, घरात कोण आहे ते बघतात आणि मग येतात, असं जो तो सांगत होता. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. पण पोरं काठ्या घेऊन गस्त घालत होती. पलीकडच्या एका गावात चादरी विकायला आलेल्या परक्या माणसाला ड्रोनवाल्यांचा माणूस समजून खांबाला बांधून मारलं होतं. संपत ते बघून आला होता आणि जेवताना म्हणाला होता, आपल्याकडं कुणी सापडला तर मी कोयताच घालीन.

म्हणून रतनबाईनं संपतला काही सांगितलं नाही. सुनेलाही बजावलं, भारतला फोनवर बोलू नकोस. तिला यंत्राची भीती वाटत होती आणि आपल्या माणसांचीही. संपत रागाच्या भरात कुणाला मारून बसला तर? आणि गावात कळलं, तर लोक यंत्राबद्दल बोलणार की न्हाणीतल्या बाईबद्दल?

दोघींचं वागणंच बदललं. ज्ञानेश्वरी न्हाणीत जाईना. चुलीजवळच्या कोपऱ्यात परात मांडून, दाराला कडी घालून ती अंग पुसून घ्यायची. विहिरीवरची मोटर सुरू झाली तरी दचकायची. बाळाला पाजताना पदर डोक्यावरून घ्यायची, घरात असली तरी. दूध कमी झालं. सृष्टी रडत राहायची आणि रडण्यापलीकडून कुठं घूं असा आवाज येतोय का, तिकडं दोघींचा कान असायचा.

काही दिवसांनी शेवंती खुडताना रतनबाईनं तो आवाज पुन्हा ऐकला. ती वाफ्यात खालीच बसली. पण या वेळी तिनं मान वर ठेवली. ते यंत्र कॅनॉल ओलांडून गेलं आणि मुक्ताबाईंच्या बंगल्यामागं हळूच खाली उतरलं.

म्हणजे चोर नव्हते. तरी तिच्या मनावरचं ओझं उतरलं नाही, उलट वाढलं. मुक्ताबाईंचं घर म्हणजे गावातलं मोठं घर. त्यांचे मालक सोसायटीत, पंचायतीत, सगळीकडं. कॅनॉलच्या पाण्याची पाळीही त्यांच्या शब्दावर पुढंमागं व्हायची. चोराविरुद्ध ओरडता तरी येतं. इथं कुणाकडं जायचं?

तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरची गिताबाई ताक घेऊन आली आणि सहज म्हणाली, "तुमची वस्ती बघितली की मोबाईलवर. मुक्ताबाईंच्या विश्वजीतनं गावाचा व्हिडिओ टाकलाय. झेंडू काय दिसतोय वरून."

रतनबाईनं विचारलं, "आनखी काय दिसलं?"

"विहीर, गोठा, घर. दुसरं काय दिसायचं?"

गिताबाई गेली. ज्ञानेश्वरी आतून सगळं ऐकत होती. ती भिंतीला टेकून बसली होती. सणसवाडीत भारतच्या खोलीवर चार पोरं राहतात, त्यांच्याही मोबाईलवर हे गेलं असेल, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी संपत जेवून झोपला, तशी रतनबाई निघाली. कॅनॉलच्या कडेनं चालताना दोनदा तिला मागं फिरावंसं वाटलं. बंगल्याच्या पुढच्या दारानं जायची तिची हिंमत झाली नाही. ती मागच्या अंगणात गेली. मुक्ताबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी बस म्हटलं, पाणी दिलं. रतनबाईनं पाणी तसंच खाली ठेवलं. मग तिनं खाली मान घालून सगळं सांगितलं. न्हाणी, बाळंतीण, गोधडी, सगळं. सांगून झाल्यावर तिला वाटलं, आता या उठतील आणि मला हाकलतील.

मुक्ताबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि मुलाला हाक मारली.

विश्वजीत पुण्यात शिकून आलेला, पंचविशीचा. त्याला हे ऐकून खरंच आश्चर्य वाटलं. तो शेतांचं शूटिंग घेत होता. यंत्र वर थांबवून मोबाईलच्या पडद्यावर कोन जुळवत होता, खाली न्हाणी आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. व्हिडिओत तो भाग टाकलेला नाही, असं तो शपथेवर सांगू लागला. मग म्हणाला, "मावशी, एवढ्या लहान ड्रोनला लायसन लागत न्हाई. मी नियम वाचलेत."

"आन् हिला इचारलंस का?" मुक्ताबाई म्हणाल्या. "घर हिचं हाय. सून हिची हाय."

मुक्ताबाईंनी त्याला मूळ शूटिंग लावायला सांगितलं आणि भिंतीकडं तोंड करून उभं केलं. दोघी बायकांनी लॅपटॉपवर पाहिलं. पिवळा झेंडू, विहिरीचं काळं पाणी, पत्रा, आणि मग फरश्यांचा चौकोन. त्यातून वाफ वर येत होती. एक उघडी पाठ, एक ओला हात, मग गोधडीचा फटकारा, आणि वर बघणारा रतनबाईचा चेहरा. आपण इतक्या घाबरलेल्या दिसतो, हे रतनबाईला पहिल्यांदाच कळलं. मुक्ताबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"पूस," त्या एवढंच म्हणाल्या.

त्यानं लॅपटॉपमधलं पुसलं, ड्रोनच्या कार्डातलं पुसलं, मोबाईल उघडून दाखवला. गावाच्या ग्रुपवरचा व्हिडिओही सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावला. त्यात न्हाणी नव्हती. रतनबाईनं विचारलं, आता कुठंच उरलं नाही ना. मुक्ताबाई म्हणाल्या, "माझ्यासमोर पुसलंय, रतन. त्याच्या पुढचं मलाबी कळत न्हाई."

निघताना रतनबाई विश्वजीतकडं वळली. "मी घरच्या गड्यांना सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तुमचं काय झालं असतं, त्या चादरीवाल्याला इचारा."

काठ्या घेऊन फिरणारी पोरं विश्वजीतलाही माहीत होती, त्यातली काही त्याच्या शाळेतल्या वर्गातली होती. तो घाईनं म्हणाला की यापुढं उडवायच्या आधी फोन करीन.

"फोन न्हाई," रतनबाई म्हणाली. "दारात येऊन इचारायचं. आन् न्हाई म्हटलं, तर न्हाई."

त्यानं मान डोलावली.

घरी आल्यावर ज्ञानेश्वरीनं डोळ्यांनीच विचारलं. रतनबाई म्हणाली, पुसलं, सगळं पुसलं, मी बघितलं. तिला जेवढं माहीत होतं त्याहून जास्त ठामपणे ती ते म्हणाली. त्या रात्री सून झोपली. रतनबाई मात्र जागी राहिली.

संपतला तिनं गस्ती थांबल्यावर सांगितलं. तो ओरडला नाही. मला का सांगितलं नाहीस, एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं. नंतर स्वतःच न्हाणीवर पत्रा घातला. विश्वजीत परत त्या बाजूला उडवायला आला नाही. विचारायलाही नाही.

हिवाळ्यात एक दिवस वस्तीसमोर छोटा हत्ती टेम्पो थांबला. त्यातून पंजाबी ड्रेस घातलेली एक बाई उतरली. शेजारच्या उसावर ड्रोननं फवारणी करायची होती. ती दाराशी येऊन म्हणाली, "मावशी, आवाज होईल. तुमच्या घरावरून नेणार न्हाई, बांधाच्या पलीकडंच ठेवीन. चालंल का?"

रतनबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. असं कुणी विचारेल हे तिला अपेक्षितच नव्हतं. तिनं विचारलं, याला डोळा आहे का. त्या बाईनं होय म्हटलं, पुढचा रस्ता दिसायला लागतो, आणि तो कुठं आहे, कुणीकडं तोंड करून आहे, ते यंत्रापाशी नेऊन दाखवलं.

"चालंल," रतनबाई म्हणाली. "पर जरा थांब. लेकराला आत घेते."

तिनं सृष्टीला कडेवर घेतलं, सुनेला हाक मारली, वाळत घातलेली लुगडी ओढून आणली आणि दाराला आतून कडी लावली. बाहेर घूं असा आवाज सुरू झाला. ज्ञानेश्वरी तिच्या अगदी जवळ सरकली. रतनबाईनं तिचा हात धरला, आणि आवाज बांधाच्या पलीकडंच आहे ना, ते ऐकत दोघी बसून राहिल्या.