फायबरची होडी आणि मामंजी

संशयी स्वभाव म्हटलं की आमच्या घरात सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. दाखवोत बापडे. पण ती पांढरीफेक होडी उंब्रजच्या अलीकडे आमच्या घाटावर ट्रकमधून उतरली, तेव्हा माझ्याआधी मामंजींनी तोंड वाकडं केलं होतं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. कृष्णेवरची आमच्या गावची होडी जन्मभर त्यांच्या हातात. पलीकडच्या उसात भांगलायला जाणाऱ्या बाया, शाळेची पोरं, शेरडं, सगळ्यांना तेच पार करायचे. त्यांच्या लाकडी होडीचं बूड कुजलं, आणि पलटणीतून पेन्शनीत आलेल्या माझ्या नवऱ्याने कुणाला न विचारता फायबरची होडी आणली. नव्वदनंतरची ही गोष्ट.

होडीबरोबर ती बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस आला होता, तोंडात साखर घोळवणारा. "आजोबा, काचेचे धागे आणि राळ, बस्स! परदेशात मोठी लढाई झाली ना, तेव्हापासून बनवतात. बनवणाऱ्यांनाच कळेना हे किती टिकेल, म्हणून थरावर थर देत गेले. त्यातल्या कितीतरी होड्या अजून पाण्यावर आहेत. मरतच नाहीत!"

मामंजींनी होडीवर बोटं वाजवून कान लावला. लाकूड कुठं कुजलंय ते त्यांना आवाजावरून कळायचं. इथं सगळीकडे एकच आवाज, रिकाम्या डब्यासारखा. "बनवनाऱ्यालाच ठावं न्हाई, आन् आमी बसायचं व्हय? जे मरत न्हाई त्याचा काय भरवसा, सांग की!"

मला ते शंभर टक्के पटलं. लाकूड आधी कुरकुरतं, मग दगा देतं. ही बया काही बोलायचीच नाही. त्यात नवऱ्याने कडी बसवायला तिचा काठ कानशीने घासला, त्याचा भुसा अंगावर उडाला आणि आम्ही सगळे खाजवून खाजवून बेजार. झालं! काचेची होडी हाय, फुटली तर पाय कापतील, असा गावभर बोभाटा. काही बाया तर लांबच्या वाटेने पुलावरून जायला लागल्या.

तरी होडी सुरू झाली. आणि मग तिच्यात पाणी दिसायला लागलं. भर दुपारी घाट रिकामा असायचा. नवरा जेवायला घरी यायचा आणि मामंजी राखणीला बसायचे. जेवून परत जाऊन बघतो तर होडीत घोटाभर पाणी. एक दिवस नाही, रोजचं. तळाचं बूच घट्ट होतं. कारखान्याच्या माणसाला बोलावलं, त्याने होडी उलथीपालथी करून बघितली. तडा कुठंच नाही, पण आतल्या बाजूने ओरखडेच ओरखडे. "हे कुणीतरी मुद्दाम करतंय," म्हणाला आणि निघून गेला.

नवऱ्याच्या डोक्यात तिडीक गेली. "कुनीतरी म्हंजी कोन? आबाच! त्यास्नी माझी होडी डोळ्यापुढं नको. हे त्यांचंच काम निघालं ना, तर चूल येगळी मांडतो बघ."

चूल वेगळी झाली तर खापर कुणाच्या डोक्यावर? सुनेच्याच! सांगलीची सून आणली आन् घर फुटलं, हे मला आधीच ऐकू यायला लागलं. आणि खरं सांगते, मामंजींवर माझाही संशय होता. जेवताना ते नजर चुकवायचे.

दुसऱ्या दिवशी नवरा भरल्या ताटावरून उठला आणि तडक घाटाकडे निघाला. मी पदराला हात पुसत मागोमाग. बघतो तर मामंजी धोतर खोचून पाण्यात उभे, आणि होडीत धोंडे भरताहेत! होडी काही बुडायला तयार नाही. इकडून दाबली की तिकडून वर. ते तिला शिव्या घालत होते, पण लेकराला घालाव्यात तशा.

"आबा! बुडवताय व्हय माझी होडी?" नवरा ओरडला.

मामंजी दचकले. मग उलट तेच चिडले. "बुडवीन कशाला रं? पानी पाजतुया! नवी होडी पान्याखाली ठिवल्याबिगर फळ्या फुगत्यात व्हय? फटी मिटत्यात व्हय? माझी पैली होडी आली तवा तुझ्या आज्यानं आसंच केलं हुतं. आन् ही येडी पीतच न्हाई! उद्या मधधारंला उलली तर तिच्यात तू आसशील लेका, मी न्हाई!"

"मग चोरून कशाला?"

"तू हसला आसतास."

या होडीला फळ्या नाहीत की फटी नाहीत, फुगायचं काय तिच्यात? पलटणीत अशा होड्या चालवलेल्या माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नसेल होय? आता हा हसणार, नाहीतर बोलणार, आणि आमचं घर इथंच दुभंगणार, असं वाटलं. पण त्याने पायताण काढलं, पाण्यात उतरला, एक मोठा धोंडा उचलला आणि बापाच्या हातात दिला.

"हितं ठिवा आबा, टोकाला. मी ह्या अंगानं दाबतो."

दोघं बापलेक कंबरभर पाण्यात खपत होते. पलीकडच्या काठावर बाया येऊन थांबल्या, हाका मारायला लागल्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तशीच मी पुढं झाले आणि घसा ताणून ओरडले, "थांबा गं बायांनो! होडी पानी पितीया!"